बेटावरची दवंडी

१२ जून १९६०

आज बेटावर रुजू झालो, आणि रुजू होण्याआधीच मार खाता खाता वाचलो. पैनगंगेच्या दोन फाट्यांच्या मध्ये हे गाव. अलीकडे आपला केळापूर तालुका, पलीकडे आंध्र. डोंग्यातून उतरायला दोन घाट आहेत, एक वरच्या पुऱ्याचा, एक खालच्या पुऱ्याचा. वरच्या पुऱ्यात मराठी बोलणारे, खालच्यात तेलुगू. ग्रामपंचायतीचा नवा सेक्रेटरी कोणत्या घाटाला उतरणार, यावरून मी पाण्यात असतानाच काठावर जुंपली. एकाने दुसऱ्याच्या पाठीत वल्हे घातले. तो तोंडावर पाण्यात पडला आणि त्याला कोणी उचलीना, कारण उचलणारेच एकमेकांच्या उरावर बसले होते. शेवटी नावाड्याने मला दोन्ही घाटांच्या मध्ये चिखलात उतरवले. चपला गेल्या.

खालच्या पुऱ्यातली एक बाई हात करून मला "रंडी, रंडी" म्हणाली. माझे डोकेच फिरले. बाबा यवतमाळच्या कचेरीत हेडक्लार्क. आमच्या घरात असा शब्द कोणी मनातसुद्धा आणत नाही. मी तिला चांगले फैलावर घेतले. मग एक उंच, सावळा माणूस हसू दाबत पुढे आला आणि त्याने सांगितले की त्यांच्यात "रंडी" म्हणजे "यावे जी". ही त्याची बायको, नरसूबाई. हा पोशट्टी, पंचायतीचा उपसरपंच. मासे धरतो, मिरची लावतो. सरपंच आहेत वरच्या पुऱ्यातले डोमाजी पाटील. त्यांनी मला रात्री बजावले की खालच्या लोकांचे हसणे खरे मानायचे नाही.

द्वैभाषिक राज्य मोडून महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही यवतमाळात पेढे वाटले. आणि सरकारने मला उचलून टाकले ते द्वैभाषिक बेटावर! नशीब एकेकाचे.

२१ जून

झोपायला पंचायतीची खोली, जेवायला पोशट्टीचे घर. पाटलांनीही ताट वाढले होते, पण ते जेवताना खालच्या पुऱ्याच्या आयाबहिणींचा उद्धार करतात आणि घास घशाखाली उतरत नाही. आईला मात्र कळवलेले नाही की मी कोणाकडे जेवतो.

नरसूबाई चुलीपाशी मला तेलुगू शिकवते. पाणी म्हणजे नीळ्ळू, भात म्हणजे बुव्वा. आज ती विस्तवावर वांगे भाजत होती. मी हे काय म्हणून विचारले, तर म्हणाली, "वंकाय कालुस्ताम." वांगे भाजतो. मी चार वेळा घोकले. पोशट्टीची आंधळी आई कोपऱ्यातून माझ्या उच्चारांना खो खो हसत होती. हसू दे. भाषा कळली की निम्मी भांडणे मिटतात असे माझे ठाम मत आहे.

ही माणसे बेटाला लंका म्हणतात. संध्याकाळी पोशट्टीने पात्रातला एक वाळूचा उंचवटा दाखवला. पाणी चढले की तोही वेगळा पडतो. त्याला म्हणतात "चिन्न लंका". चिन्न म्हणजे लहान. एका रावणाला लंका तरी किती लागतात!

८ जुलै

तालुक्याहून पाटी रंगवून आणली होती, "ग्रामपंचायत बेट". काल लावली. आज सकाळी तिच्याखाली कोळशाने तेलुगूत काहीतरी लिहिलेले होते. अक्षर मला येत नाही, पण काय असणार ते कळलेच: लंका. लिहिणारा पोशट्टीचा धाकटा भाऊ राजन्ना. दुपारी वरच्या पुऱ्यातल्या पोरांनी त्याला घाटावर गाठले. दोघे त्याच्या छातीवर बसले, तिसऱ्याने त्याचा उजवा हात पायरीवर धरला आणि पाटलांच्या पुतण्याने, श्रावणने, दगडाने बोटे ठेचली. मी धावत पोचलो तेव्हा श्रावण दगड धुऊन ठेवत होता. त्याने मला अदबीने नमस्कार केला.

मी पाटलांकडे जाऊन ओरडलो. ते म्हणाले, पोरं आहेत. श्रावण चोवीस वर्षांचा आहे.

२५ जुलै

पाटलांच्या बैलाच्या मागच्या पायांच्या शिरा कोणीतरी विळ्याने तोडल्या. बैल दिवसभर ओरडत होता आणि सगळे बेट ते ऐकत होते. खालच्या पुऱ्यात एक माणूस वीस वेळा तरी थुंकला असेल. पाटील बैलाचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी बैल गेला. पाटील असे रडले की मला त्यांच्याजवळ उभे राहवेना. उठले आणि म्हणाले की आता माणसाच्या शिरा तुटतील.

मी दोन्ही पुऱ्यांत फिरून समजावले. वरच्यांनी चहा पाजला, खालच्यांनी ताक. ऐकले कोणीच नाही.

१४ ऑगस्ट

आज सभा. मी ठरवले होते की रोगाच्या मुळालाच हात घालायचा. सगळे भांडण त्या नावाचे. लंका हे राक्षसाच्या नगरीचे नाव, अशुभ. सरकारी गावाला ते शोभत नाही. तेव्हा गावाचे एकच नाव "बेट", आणि पंचायतीच्या कोणत्याही कामात, पाटीवर, बोलण्यात "लंका" हा शब्द वापरू नये, असा ठराव मी स्वतः लिहिला. वाचत असताना एकाने पितळी तांब्या भिरकावला. तो पाटलांना लागायचा तो माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरले, पण मी वाचन पुरे केले. याचा मला अभिमान आहे.

खिडकीशी श्रावण आणि त्याचे सोबती उभे होते. ते ओरडले की ठरावाची भानगडच कशाला, एक दिवस लंका पेटवूनच देतो. त्यावर खालचे सगळे उभे राहिले. पोशट्टीने त्यांना हाताला धरून खाली बसवले आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. मला म्हणाला, "लिवा बाबू, काय लिवाचं ते. पाटीवरचं पुसता येते, तोंडातलं कोन पुसते?"

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. आता लंका नाही. उरले फक्त बेट.

नरसूबाईने माझ्या जखमेत हळद भरली. भरताना जरा जोरातच दाबली असे वाटले.

११ सप्टेंबर

चार दिवसांपूर्वी खालच्यांची जाळी कोणी कापली. परवा वरच्या पुऱ्यातल्या एका गड्याला मक्याच्या शेतात इतके बडवले की त्याला लघवीतून रक्त जाते आहे. काल दगडफेकीत एका म्हातारीचा डोळा गेला. ती कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली, शेण वेचत होती. नदी भरलेली, डोंगा मर्जीने चालतो, पोलीस येतात ते पंचनाम्यापुरते आणि संध्याकाळच्या आत परततात.

मी रात्री दाराला आतून खाट लावतो. लिहिले, कारण ही वही दुसरे कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते. पण भीतीपेक्षा राग जास्त येतो. इतकी साधी गोष्ट यांना का कळू नये?

२५ सप्टेंबर

सुचले! दसरा. या बेटावर दसऱ्याला नुसते सोने वाटतात, तेही आपापल्या पुऱ्यात. मी नागपूरला पाहिले होते तसे इथे करायचे: कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची आणि बांबूची रावणाची नगरी उभारायची, कागदाचे बुरूज, आणि संध्याकाळी टेंभे लावून तिचे दहन. दोन्ही पुऱ्यांनी एकत्र. वाईटाचा नाश एकत्र पाहिला की मने स्वच्छ होतील. जागा दोन पुऱ्यांच्या मधल्या वाळूची.

पाटलांना कल्पना एकदम पसंत. श्रावण तर पऱ्हाट्यांच्या गाड्या स्वतः आणतो म्हणाला. मी त्याला मिठीच मारली. पोरगा सुधारला तर सगळे सुधारेल.

पोशट्टीला सांगायचे राहिले. राजन्नाचा हात सडला, म्हणून त्याला घेऊन तो वणीच्या दवाखान्यात गेला आहे. दसऱ्यापर्यंत येईल.

२८ सप्टेंबर

दवंडीची पंचाईत होती. बेटाच्या टोकाला बौद्धांची घरे आहेत. तिथला उकंडा पूर्वी दवंडी द्यायचा, दोन्ही बोलींत. मी त्याला बोलावले. तो उंबऱ्याबाहेर न थांबता सरळ आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला, हे मला आवडलेच. पण डफडे घ्यायला तयार नाही. म्हणाला, "थे काम आमी नागपूरलेच सोडून आलो जी. आता डफडं वाजवाचं नाही."

बरोबरच आहे त्याचे. पण वरच्या पुऱ्यातला एकही माणूस ते डफडे हातात घेईना, विटाळ होतो म्हणे. तेव्हा मी, मधुसूदन, हेडक्लार्कांचा मुलगा, ते गळ्यात अडकवून स्वतः निघालो! बाबा पाहते तर त्यांना घेरी आली असती.

वरच्या पुऱ्यात मराठीत दिली. पोरे टाळ्या पिटत मागे आली. खालच्या पुऱ्यात मी तेलुगूत दिली, कोणाचीही मदत न घेता, माझे मी वाक्य जुळवून. दसऱ्याला संध्याकाळी पंचायत लंका जाळणार, सगळ्यांनी यावे: "दसरा सायंत्रम पंचायत लंका कालुस्ताम. अंदरू रंडी!" प्रत्येक वळणावर तीनदा. आवाज खणखणीत लागला. लोक दारात येऊन उभे राहिले, कामे टाकून, अगदी स्तब्ध. माझ्या तोंडून त्यांची भाषा ऐकून अवाक झाले असणार. नरसूबाई पाण्याची घागर घेऊन वाटेवर उभी होती. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि पुन्हा एकदा म्हटले, मुद्दाम, तिने शिकवलेला शब्द तिला ऐकू यावा म्हणून.

३० सप्टेंबर, दुपार

नगरी उभी राहिली. पुरुषभर उंच. श्रावणने जीव तोडून काम केले.

खालचा पुरा दोन दिवस अगदी शांत आहे. एक दगड नाही, एक शिवी नाही. बायका, पोरे दिसत नाहीत, नटण्याच्या घाईत असतील. नरसूबाईचे दार बंद होते, जेवण आले नाही. सणाचे दिवस, कोणाला सवड? पोशट्टी अजून परतला नाही. त्याने हे पाहायला हवे होते.

३ ऑक्टोबर

दसऱ्याची संध्याकाळ. जसे आठवेल तसे लिहितो.

दिवेलागणीला वरच्या पुऱ्यातून मिरवणूक निघाली. पन्नासेक माणसे, प्रत्येकाच्या हातात टेंभा, पुढे श्रावण, मी त्याच्याजवळ. मधल्या वाळूवर पोचलो तोच खालच्या काठावरच्या लव्हाळ्यातून माणसे उठली. ओरडली नाहीत. मासे मारायच्या बरच्या घेऊन धावत आली. माझ्याशेजारी महादेव होता, शाळेच्या छपराचे काम करणारा. बरची त्याच्या गळ्यातून आरपार गेली आणि तो उभाच राहिला, हातातला टेंभा सांभाळत, जणू तो पडू नये एवढीच काळजी. दुसरा एकजण पोटात भोसकला गेला आणि आतडी हातांत धरून वाळूत बसला. मी ओरडत होतो, सण आहे, अरे सण आहे! मराठीतच ओरडत होतो. तेलुगूतला एकही शब्द आठवला नाही.

मग वरचे उलटले. पन्नास टेंभे आणि वाळलेली कुडाची घरे. खालचा पुरा एका टोकाने धरला आणि वाऱ्याने बाकीचे केले. वाटेवर चार जण बरच्या घेऊन आडवे उभे होते. त्यांना कुऱ्हाडींनी पाडले आणि पडल्यावरही घाव घालत राहिले. लाकूड फोडल्यासारखा आवाज येत होता. बायका-पोरे आधीच उकंडाच्या वस्तीत नेऊन ठेवलेली होती, म्हणून वाचली. बौद्धांची माणसे काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली आणि वरच्यांना आत येऊ दिले नाही. फक्त पोशट्टीची आई घरातून हलायला तयार झाली नव्हती.

पोशट्टीचा डोंगा त्याच वेळी घाटाला लागला. समोर त्याचे घर पेटलेले, दारात श्रावण टेंभा घेऊन, आणि आतून म्हातारीचा आवाज. पोशट्टीने वल्हे उचलले. मी पाहिले. पहिल्याच फटक्यात श्रावण गेला, पण पोशट्टी मारतच राहिला, आतला आवाज थांबेपर्यंत. मग वल्हे टाकून तिथेच बसला. सकाळी पोलिसांनी त्याला तसाच बसलेला उचलला.

आपली पऱ्हाट्यांची नगरी वाळूत तशीच उभी आहे. तिला कोणी हात लावला नाही.

१० ऑक्टोबर

खालची माणसे उकंडाच्या वस्तीत आहेत. आज धीर करून गेलो. फौजदारांना हवे होते की बरच्या आधीपासून का जमवल्या हे विचारावे. दंग्याचा कट होता असे धरून पोशट्टीला त्याचा म्होरक्या ठरवले आहे, श्रावणचा खून वेगळा. म्हणजे फाशीच.

मी तिथल्या बायांना विचारले, सणाच्या दिवशी असे का केले तुम्ही? नरसूबाईने तोंड फिरवले. उकंडा मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "लंका म्हंजे काय समजले तुमी? त्यायच्यात बेटाले लंकाच म्हनते जी. कोनतंबी बेट. तुमी दारोदार सांगतलं का पंचायत त्यायचं गाव जाळनार हाय, सारे या म्हनून."

मी म्हटले की रामायणातली लंका त्यांनाही ठाऊक आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे. पण लंका पेटवू म्हणून श्रावण सभेपासून कोणत्या रामायणातले बोलत होता? आणि मग सरकारचा माणूस डफडे घेऊन तेच सांगत आला.

मी नरसूबाईकडे न पाहता वस्तीबाहेर पडलो.

१७ ऑक्टोबर

तालुक्याच्या कोठडीत पोशट्टीला भेटलो. रस्ताभर ठरवत गेलो होतो: जज्जसाहेबांसमोर सगळे सांगायचे. मी काय पुकारले, कोणत्या शब्दांत. कट नव्हता, माणसे घाबरून घरे राखायला उभी राहिली. फाशी टळेल. माझी नोकरी जाईल, बाबांची मान खाली जाईल, कदाचित मलाही आत टाकतील. तरी सांगायचे. तसे मी गजांपाशी उभे राहून त्याला सांगितले, आणि सांगताना मला रडू आले.

त्याला दवंडीचे काहीच ठाऊक नव्हते. तो वणीला होता. त्याने मला वाक्य पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले. तो गजांपासून मागे सरला. मग म्हणाला, "नोका सांगू बाबू."

मी का म्हणून विचारले.

"लोक म्हनून राह्यले का ते चौघं घर राखता राखता मेले. माही माय घर सोडून गेली नाही. तुमी सांगसान तं ते येडे ठरतीन. सनाच्या आवतनाले भेऊन मेले म्हनतीन. पलीकडचे हासतीन, अलीकडचे हासतीन. त्यायचं तेवढंच उरलं हाय, ते राहू द्या."

मी खूप समजावले. निदान दोनदा तरी समजावले. तो भिंतीकडे तोंड करून बसला. माणसाची शेवटची इच्छा मोडायची कशी? परत येताना एसटीत मला गाढ झोप लागली. महिन्यात पहिल्यांदा.

१९ जानेवारी १९६१, यवतमाळ

आज साक्ष झाली. बेटावर आता वरचा पुराच आहे. खालची माणसे पलीकडे गेली. पंचायतीच्या कामाला अडथळा राहिला नाही, असे तालुक्याहून मला शाबासकीचे चार शब्दही आले.

सरकारी वकिलांनी विचारले की सणाचे आमंत्रण दोन्ही पुऱ्यांना दिले होते का. मी हो म्हटले. दोन्ही भाषांत? हो. पोशट्टीचा वकील सरकारनेच दिलेला, नवखा मुलगा. त्याने एवढेच विचारले की आरोपी त्या दिवशी बाहेरगावी होता ना. मी हो म्हटले. काय पुकारले ते कोणीच विचारले नाही. मी खोटे एक अक्षर बोललो नाही. पोशट्टी पूर्ण वेळ माझ्याकडे पाहत होता, आणि मी खाली उतरलो तेव्हा त्याने मान हलवली. आभार मानल्यासारखी.

कोर्टाबाहेर व्हरांड्यात नरसूबाई उभी होती. पलीकडून कशी आली कोण जाणे. तिने मला विचारले की मी दवंडीचे बोललो का. मी म्हटले, पोशट्टीनेच मना केले होते, त्याच्या शब्दाला मान द्यायला हवा. तिने ऐकून घेतले. मग शांतपणे, मराठीत म्हणाली, "तो मेलेल्यायसाठी बोलला बाबू. मी जित्या मानसासाठी इचारून राह्यली."

ती दारातून बाजूला झाली, मला आत जाता यावे म्हणून. जज्जसाहेब अजून बसलेले होते, वकील कागद चाळत होता. ती तशीच उभी राहिली.

मी घरी आलो. आईने विचारले, साक्ष नीट झाली का. म्हटले, हो.